खोक्याचा बाबा तीन आठवडे वाळत नाहीये, काय करू?

खोक्याखालची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न खरा आहे, हसू नका. म्हणजे हसा, पण उत्तर देऊन हसा.

लेक नुकतीच चार वर्षांची झाली. तीन आठवड्यांपूर्वी घरात पार्सलचं एक मोठं खोकं आलं. माझी चूक एवढीच, की ते मी लगेच फोडून चपटं केलं नाही. धाकट्याला (वय दहा महिने, सध्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर) झोपवून मी बाहेर येईपर्यंत तिने जाहीर करून टाकलं होतं, "हा बाबा आहे."

बाबा असा: खोकं म्हणजे डोकं. डोक्यालाच खालून पाय फुटलेत. टॉयलेट रोलची नळकांडी, एकेका पायाला तीन, एकावर एक. हातही डोक्यालाच, कानाच्या जागी. मान नाही, पोट नाही. डोळे म्हणजे बाटल्यांची दोन झाकणं, एक निळं, एक पांढरं. केस म्हणून माझ्या अर्धवट स्वेटरची लोकर, त्यामुळे आता स्वेटर कायमचाच अर्धवट. उजव्या हाताला सहा बोटं. मी म्हटलं, "अगं, बाबांना पाच आहेत." तर म्हणाली, "एक जास्तीचं. तुटलं तर."

खरे बाबा संध्याकाळी आले, चप्पल काढता काढता थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "माझं पोट कुठंय?"

"आत."

आता अडचणी ऐका. पांढऱ्या गोंदाची नवी कोरी बाटली पूर्ण संपली. डोळ्यांमागे आणि पायांच्या जोडात तो इतका थापलाय की आजतागायत वाळलेला नाही. निळा डोळा रोज थोडा थोडा घसरतो. आधी कपाळाखाली होता, आता गालावर आलाय. पाय केव्हाच गळून पडले, ते शेजारी नीट मांडून ठेवलेत. खोक्याच्या मागच्या बाजूला पुठ्ठा ओलाच राहिला होता, तिथे काळे-हिरवे ठिपके दिसायला लागलेत. बाबा जेवणाच्या टेबलावर असतो आणि आम्ही चौघं खाली जमिनीवर. झोपायच्या आधी सगळ्यांनी त्याला 'गुड नाइट' म्हणायचं असतं. परवा नवरा विसरला, तर त्याला पांघरुणातून उठवून आणलं.

आणि आता कबुली. मंगळवारी रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, गळून पडलेला सहा बोटांचा हात मी कचऱ्यात टाकला. वर वर्तमानपत्र, त्यावर डायपर. म्हटलं, एवढं कोण उपसणार? सकाळी सातला डोळे उघडले तर ती हात हातात घेऊन उशाशी उभी.

"आई, बाबाचा हात तिकडे कसा गेला?"

"गळून पडला असेल गं."

"डायपरच्या खाली?"

तेव्हापासून घरात माझी पत शून्य आहे. ती कचऱ्याचा डबा रोज तपासते.

तर, खोटं न बोलता या बाबाला निरोप कसा द्यायचा? गोंद वाळत का नाही? टेबलामागच्या भिंतीवर 'बाबाची सावली' म्हणून काळ्या मेणखडूने एक भलामोठा गोळा काढलाय, तो कसा जाईल? आणि जाता जाता, तिला कात्री अजिबात जमत नाही. कागद कापला जायच्या ऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडतो आणि ती संतापते. मुलांची म्हणून मिळणारी तीन प्रकारची कात्री आणून झाली.

---

निद्रानाश

डायपरच्या खाली नाही, डायपरच्या *आत* टाकायचं असतं. नवशिक्या दिसता.

(हलकेच घ्या.)

---

सुताराची_पेन्सिल

ताई, उभा जन्म लाकूडकामात गेला. आता निवृत्त होऊन नातीच्या हाताखाली मदतनीस आहे. "आजोबा, तुम्ही कापा, पण मी सांगेन तसंच," अशा अटीवर. म्हणून गोंदाबद्दल दोन शब्द.

हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात कालवलेला प्लॅस्टिकचाच एक प्रकार. पीव्हीए म्हणतात त्याला. त्यातलं पाणी निघून गेलं की तो धरतो. पाण्याला जायला वाट हवी, म्हणजे एक तर हवेत उडायला हवं, नाहीतर पुठ्ठ्याने प्यायला हवं. झाकण प्लॅस्टिकचं, ते थेंबभरही पीत नाही. पुठ्ठा पितो, पण त्यालाही मर्यादा आहे. तुमच्या लेकीने झाकणाखाली गोंदाचं तळं केलंय. कडेला साय धरली असेल आणि आत अजून दूधच असेल. तीन आठवडे काय, आणखी तीन थांबलात तरी तो डोळा गालावरून हनुवटीवर जाईल.

जास्त गोंद म्हणजे पक्का जोड, हा गैरसमज मी शिकाऊ पोरांच्या डोक्यातून काढता काढता म्हातारा झालो. बोटाने पसरून ओला कागद चमकतो तेवढा पातळ थर द्यायचा, वर कपड्याचा चिमटा लावायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पूर्ण ताकद यायला एक दिवस. चार वर्षांच्या माणसाला अर्धा तास म्हणजे जन्मठेप, हे मला माहीत आहे. आमच्याकडे चिमटा लावला की नात त्याच्यासमोर खुर्ची टाकून पहारा देते, तेवढा वेळ घर शांत.

पाय गळाले ते गोंदामुळे नाही. नळकांड्याची नुसती कड खोक्याला टेकते, ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. गोंदाने धरायचं कशाला? नळकांड्याच्या तोंडाला बोटाच्या पेराएवढ्या सात-आठ चिरा द्या आणि त्या पाकळ्या फुलासारख्या बाहेर उलगडा. आता पाकळ्यांना गोंद लावून चिकटवा. नळकांड्यावर नळकांडं उभं करायचं असेल तर एकाला उभी चीर देऊन थोडं आवळा आणि दुसऱ्यात सरकवा. झाकणांचा नाद गोंदाने करूच नका. मोठ्या माणसाने त्यांना दोन भोकं पाडून द्यावीत आणि शर्टाच्या बटणासारखी दोऱ्याने शिवावीत. लोंबकळणारा डोळा पाहिजे असेल तर सैल शिवा.

बुरशीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पुठ्ठ्यात ती आतपर्यंत शिरते, वरून पुसून जात नाही. रांगतं मूल आहे घरात. तेवढा भाग कापून टाका, आजच.

---

डावखुरा

बाकी सोडा, एकच विचारतो. मुलगी कात्री कोणत्या हाताने धरते?

---

खोक्याखालची_आई

काका, पाकळ्यांची युक्ती वाचून नवऱ्याने "अरेच्चा" म्हटलं आणि तडक एक नळकांडं कापायला घेतलं. मुलगी झोपली होती हं. आता त्यालाच व्यसन लागणार असं दिसतंय.

@डावखुरा, थांबा, बघून सांगते.

डावा. खडूही डाव्यानेच. आणि मी तीन आठवडे "नीट धर, नीट धर" करत कात्री तिच्या उजव्या हातात कोंबत होते. मग ती मी वळले की हात बदलायची.

---

डावखुरा

वाटलंच. ताई, तिचं काही चुकत नाहीये, कात्री चुकतेय.

नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या हिशोबाने एकमेकांवर बसवलेली असतात. उजव्या हाताने मूठ आवळली की अंगठा आणि बोटं नकळत ती पाती एकमेकांवर दाबतात, म्हणून कापलं जातं. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. मध्ये फट पडते आणि कागद त्या फटीत आडवा होतो. वर पुन्हा वरचं पातं नेमकं रेघेवर येतं, त्यामुळे कुठे कापतोय तेच दिसत नाही. शाळेत माझ्या वहीत चिकटवलेलं प्रत्येक वर्तुळ बटाट्यासारखं असायचं. बाईंना वाटायचं, हा लक्ष देत नाही.

'दोन्ही हातांना चालणारी' असं लिहिलेली घेऊ नका. बहुतेक वेळा त्यात फक्त मुठीचा आकार दोन्हीकडून सारखा असतो, पाती उजवीच. खरी डावी कात्री ओळखायची सोपी खूण: टोकं आपल्यापासून लांब ठेवून समोर धरली की वर येणारं पातं डावीकडे असलं पाहिजे. जगात साधारण दहातला एक माणूस डावरा असतो, तरी ही कात्री शोधावी लागते, याचा राग मी चाळीस वर्षं बाळगून आहे.

मला पहिली डावी कात्री मिळाली तेव्हा मी नोकरीला लागलेलो होतो. त्या रात्री मी उगीचच एक अख्खं मासिक कापलं.

---

बालवाडीताई

अठरा वर्षं तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते, चालवून घ्या.

आधी पोटाचं. तुमच्या मिस्टरांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. साधारण तीन-चार वर्षांची मुलं माणूस असाच काढतात, मोठं डोकं आणि त्यालाच थेट हातपाय. बेडकाच्या पिल्लांसारखी दिसतात म्हणून इंग्रजीत या चित्रांना त्या पिल्लांचंच नाव आहे. पुढे सावकाश धड येतं, मग मान येते, मग एक दिवस बेंबी येते आणि ती महिनाभर सगळ्यांना काढली जाते, अगदी झाडालासुद्धा. तुमच्या लेकीने तेच चित्र खोक्यात उभं केलंय, हे मला फार आवडलं. आणि "आत" हे उत्तर तर मी वर्गात सगळ्यांना सांगणार आहे.

आता निरोपाचं. या वयात गंमत करण्यात असते, केलेल्यात नसते. चिकटवणं, ओतणं, बोटं चिकट होणं, ती सुटतात का बघणं, यात त्यांचा जीव रमतो. तयार वस्तूकडे बरीच मुलं दुसऱ्या दिवशी ढुंकूनही बघत नाहीत. मग तुमची लेक का चिकटून बसली? मला विचाराल तर दोन कारणं. एक म्हणजे तुम्ही सगळे रोज त्याला गुड नाइट म्हणता. घरातली चार माणसं ज्याच्यासमोर रांग लावतात, तो बाबा कोण सोडेल? दुसरं म्हणजे तो चोरून टाकला गेला. तोवर ते खोकं होतं, त्या सकाळपासून तो पीडित आहे.

म्हणून लपवू नका. बुरशी दाखवा आणि सरळ सांगा, हे कुजलंय, कापावं लागेल. मुलं कुजण्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा खूप व्यवहारी असतात. आणि 'टाकू या' म्हणू नका. "यातलं कुठलं सामान आपल्याला पुढच्या कामाला लागेल?" असं विचारा. मोडणं हाही त्यांच्या दृष्टीने हस्तकलेचा तास असतो.

"काय आहे हे?" हा प्रश्नही टाळा. आपण "छान गाढव" म्हणतो आणि तो घोडा असतो. "हे उभं कसं केलंस?" विचारा, मग बसायला खुर्ची घ्या, कारण उत्तर लांब असतं.

धाकट्यासाठी एक: ती नळकांडी आहेत ना, त्यातलं एक मापाला ठेवा. जी वस्तू त्यातून आरपार पडते ती त्याच्या हाती लागता कामा नये. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी जी नळी वापरतात ती ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते. टॉयलेट रोल त्याहून थोडा मोठा, म्हणजे आपण जास्तच सावध. पण बाटलीची काही झाकणंही त्यातून आरामात जातात, डोळे शिवताना लक्षात ठेवा.

आणि चमकी आणू नका, हात जोडते. युरोपीय संघात प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर १७ ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आहे. कारण पर्यावरणाचं दिलंय, पण माझ्या मते ठराव मांडणाऱ्यांत कुणीतरी बालवाडीत काम केलेलं असणार.

एक गुपित सांगून थांबते. दर शुक्रवारी आम्ही वर्गातलं कपाट रिकामं करतो आणि सगळं मुलांच्या दप्तरात भरून घरी पाठवतो. पालकांना वाटतं, किती प्रेमाने पाठवतात. आम्हाला सोमवारसाठी जागा हवी असते, दुसरं काही नाही.

---

निद्रानाश

ताई!! म्हणजे तो पाच फुटी पुठ्ठ्याचा मगर जागेअभावी आमच्या नशिबी आला होता? अडीच वर्षं आमच्या पलंगाखाली आहे तो.

---

जुळ्यांचा_बाप

भिंतीबद्दल, अनुभवाचे बोल. (दोन मुलगे, चार हात, एक भिंत.)

मेणखडू म्हणजे रंगवलेलं मेण, त्यामुळे नुसत्या पाण्याने ते ढिम्म हलत नाही. केस वाळवायचा ड्रायर जरा लांबून फिरवा. मेण मऊ झालं की भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. टिपा, घासू नका. घासलं की सावलीचं वादळ होतं. उरलासुरला डाग ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने. सोडा रंगाची चकाकी खातो, म्हणून आधी कपाटामागे एका कोपऱ्यात करून बघा. मी बघितलं नव्हतं. आमच्याकडे आता काळा डाग नाही, पण एक लखलखीत स्वच्छ गोल आहे, आणि पाहुणे विचारतात इथे काय लावलं होतं.

भिंतीवरून आठवलं. मुलं मळून खेळतात ते मऊ, रंगीत प्ले-डो आहे ना, ते मुळात वॉलपेपरवरची काजळी पुसायचा लगदा होता. खेळणं म्हणून तो बाजारात आला १९५६ मध्ये. भिंत साफ करायला जन्माला आलेली वस्तू गेलं वर्षभर मी आमच्या भिंतीतून दाढी करायच्या ब्लेडने खरवडतोय.

एक गोष्ट मात्र विनोद बाजूला ठेवून सांगतो, कारण पुढची मागणी 'बाबाच्या डोळ्यात दिवे' ही येणार, आमच्याकडे आली होती. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे छोटे दिवे आणू नका. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं. नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत असेल तरच ती वस्तू घरात.

फोटो काढून मग वस्तू टाकायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मीही केलं. माझ्या फोनमध्ये आता पुठ्ठ्याचे अकराशे फोटो आहेत, त्यातल्या अर्ध्यांत फक्त माझा अंगठा आहे. पसारा घरातून खिशात आला, एवढंच.

---

खोक्याखालची_आई

दहा दिवसांनी परत आलेय. आधी सगळ्यांचे आभार, मग हकिगत.

बालवाडीताईंनी सांगितलं तसं तिला मागची बाजू दाखवली. वाटलं, रडेल. तिने नाक अगदी जवळ नेलं (मी मागे ओढलं), आणि म्हणाली, "बाबा आजारी आहे. ऑपरेशन."

शनिवारी सकाळी गॅलरीत ऑपरेशन झालं. मला कटर, तिला सूचना देण्याचं काम. तोंडाला रुमाल, हातात घरातले रबरी मोजे, ते तिच्या कोपरापर्यंत येत होते. धाकटा दाराच्या आत जाळीला धरून प्रेक्षक. तिने विचारलं, "बाबाला दुखेल?" तर दारामागून नवऱ्याने घोगऱ्या आवाजात "नाही बाळा, तू कर" म्हटलं. ती दचकली, मग खोक्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, मग दाराकडे. "तू नको बोलू. तो बोलेल."

बुरशीचा भाग कापल्यावर मागची बाजू जवळजवळ सगळीच गेली. उघड्या खोक्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली आणि सरळ आत शिरून बसली. आतून आवाज आला, "आई, ही लिफ्ट आहे."

संपलं. तीन आठवड्यांचं राज्य दोन सेकंदांत गेलं. डोळे तिने स्वतः उपटले, ते आता लिफ्टची बटणं आहेत. सुताराच्या पेन्सिलकाकांनी सांगितलं तशी दोऱ्याने शिवलीत, घट्ट. गोंद खरंच आत दूध होता, काका! लोकर मला परत मिळाली, पण ती ज्या अवस्थेत आहे ती बघता स्वेटरचा विषय मी सोडला. पाय, कान, उरलेले तुकडे तिने स्वतः नेऊन कचऱ्यात टाकले. सहा बोटांचा हातही. मी मुद्दाम विचारलं, "हा नक्की टाकायचा?" तर माझ्याकडे अशी बघितली की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. "बाबा संपला ना."

खरे बाबा तिथेच पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला.

डावी कात्री आली. पहिल्या दिवशी तिने चार वर्तमानपत्रं, एक विजेचं बिल (भरलेलं होतं) आणि स्वतःच्या केसांची पुढची बट कापली. बट अगदी सरळ कापली गेलीय, रेघ मारल्यासारखी. तेव्हा @डावखुरा, तुमचं निदान शंभर टक्के बरोबर. भिंतीवरची सावली बरीचशी गेली, कोपऱ्यात आधी करून बघितलं म्हणून चकाकीही वाचली. आम्ही टेबलावर जेवायला लागलो, फक्त लिफ्ट दारात उभी असते आणि स्वयंपाकघरात जायला मजला सांगावा लागतो.

काल मोजपट्टी शोधत होते, लिफ्टला दार बसवायचंय म्हणून. नवऱ्याच्या टेबलाचा खण उघडला, तर जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली तो हात. सहाच्या सहा बोटं शाबूत, एका बोटाला काहीतरी वाळलेलं, ते काय असेल याचा मी विचार केला नाही. म्हणजे हा माणूस रात्री उठून कचरा उपसून आला होता.

मी हात वर धरून नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"असू दे," तो म्हणाला. "एक जास्तीचा. तुटला तर."